वाचक विचारतात : अडुळसा

खोकल्याचे दिवस आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अडुळशाचं नाव वाढतं. या वेळी पत्रं इतकी आली की सगळं सदर याच एका झाडाला द्यायचं ठरवलं. बरेच प्रश्न सारखे होते. ते एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अडुळशाची पानं मिक्सरमधून काढली, फडक्यात घालून जोर लावून पिळली, पण रस म्हणून काही निघतच नाही. चोथ्याचा नुसता गोळा होतो. थोडं पाणी घातलं तर हिरवं पाणी निघतं. आमची पानं खराब आहेत की पद्धत चुकते आहे?

उत्तर : पानं चांगली आहेत, पद्धत चुकते आहे. आणि ही चूक घरोघरी होते. तुळस, आलं, कोथिंबीर कच्ची वाटून पिळली की रस देतात, म्हणून अडुळसाही देईल असं आपण धरून चालतो. अडुळशाचं पान चिवट असतं, त्यात मोकळं पाणी कमी असतं. कच्चं वाटलं तर त्याचा तंतूंचा ओलसर गोळा होतो आणि रस त्यातच अडकून राहतो. म्हणून जुन्या वैद्यांनी अडुळशासाठी पुटपाकाची रीत सांगितली. पानाला आधी उष्णतेने मऊ करायचं आणि मग पिळायचं, एवढंच त्यामागचं तत्त्व.

मूळ पुटपाक असा : ताजी पानं ठेचून त्यांचा गोळा करायचा. तो वड, जांभूळ किंवा शिवण यांच्या पानांत घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचा. त्यावर चिकणमातीचा दोन अंगुळं, म्हणजे साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर जाडीचा थर लिंपायचा. हा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ठेवून मातीला बाहेरून लाली येईपर्यंत भाजायचा. मग माती फोडून, पानं सोडवून, आतला गोळा कोमट असतानाच फडक्यातून पिळायचा. हे सगळं उत्तम आहे, पण रोज सकाळी कोण करणार?

घरी हेच काम मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात होतं. पूर्ण वाढलेली, डाग नसलेली पानं घ्या. कोवळी तांबूस-पोपटी नकोत आणि झाडावर वाळायला लागलेलीही नकोत. पानं धुऊन फडक्यावर पसरा आणि नीट कोरडी होऊ द्या, नाहीतर धुण्याचं पाणीच रसात मोजलं जातं. देठ आणि मधली जाड शीर काढून टाका. खाली पाण्याला उकळी आली की पानं चाळणीवर ठेवा आणि झाकण लावून १० ते १२ मिनिटं वाफवा. पानांना पाणी लागता कामा नये, फक्त वाफ लागली पाहिजे. कुकरच्या डब्यात पाणी घालून शिट्ट्या काढल्या तर तो काढा होतो, स्वरस (पानाचा स्वतःचा, पाणी न घातलेला रस) नव्हे.

वाफ पुरेशी झाली की नाही हे पानच सांगतं. झळझळीत हिरवा रंग जाऊन ते मेंदीसारखं काळपट हिरवं होतं, उचललं की ओल्या फडक्यासारखं लोंबतं, आणि कच्चा उग्र वास मवाळ होतो. एक पान चिमटीत धरून चोळा. ते सहज गिचका झालं तर उतरवा, कुरकुरलं तर अजून दोन-तीन मिनिटं द्या. हाताला सोसेल इतकं निवलं की पाणी न घालता खलबत्त्यात ठेचा किंवा मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा थांबून थांबून फिरवा. मग दुहेरी मलमलीत घालून पिळा. या वेळी फडक्यातून दाट, हिरवट-काळसर थेंब यायला लागतात. पान पूर्ण गार होऊ दिलं तर रस पुन्हा कमी निघतो, त्यामुळे वाफवून ठेवून मग दुसऱ्या कामाला लागू नका.

पाणी घालून काढलेलं हिरवं पाणी विषारी नसतं, पण त्याची मात्रा ठरवता येत नाही. दोन चमचे घेतले तर त्यात रस किती नि पाणी किती, कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : रस किती घ्यायचा, किती वेळा आणि किती दिवस? मध घालायचाच का?

उत्तर : मोठ्या माणसाने एका वेळी १० ते २० मिली, दिवसातून दोनदा. पहिल्यांदा घेत असाल तर १० मिलीच, म्हणजे औषधाच्या मापाच्या टोपणाने मोजून. स्वयंपाकघरातले चमचे लहानमोठे असतात, त्यांच्यावर विसंबू नका. जुन्या मापात पुटपाकाच्या चार भाग रसाला एक भाग मध सांगितला आहे. २० मिली रसाला ५ मिली मध घातला की ते प्रमाण बरोबर बसतं.

मध घालताना रस गार किंवा अगदी कोमट असावा. आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य आहे, म्हणून वाफाळत्या रसात मध ओतू नका. मधाने कडूपणा झाकला जातो, घशाला लेप बसतो, आणि कफावर मध स्वतःही काम करतो. त्यामुळे तो नुसता गोडीसाठी आहे असं समजू नका.

पाच ते सात दिवस घ्या. तेवढ्यात कफ सुटायला लागून खोकला उतरणीला लागला पाहिजे. तसं काहीच झालं नाही तर मात्रा वाढवत बसू नका. जास्त अडुळसा पोटात गेला की मळमळतं, उलटी होते, कधी जुलाब होतात. ‘कडू आहे म्हणजे जितकं जास्त तितकं गुणकारी’ हा समज इथे महागात पडतो.

रस रोजचा रोज काढावा. अगदीच अडचण असेल तर सकाळी काढलेला संध्याकाळपर्यंत काचेच्या झाकणबंद बाटलीत, फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी तो तपकिरी पडतो, आंबूस वास येतो. तसा झाला की टाकून द्या.

प्रश्न : वर्षाच्या आतल्या बाळाला अडुळसा-मध चाटवावा का? आमच्या घरी मोठी माणसं सांगतात.

उत्तर : नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच निमित्ताने देऊ नये. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून जिवावर बेतू शकतं. अडुळसाही इतक्या लहान बाळाला घरच्या अंदाजाने द्यायचं औषध नाही. बाळ धापा टाकत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध ओढत नसेल, तर थेट दवाखाना गाठा. एक वर्षापुढच्या मुलांची मात्रा वय आणि वजन बघून वैद्यांनीच ठरवावी.

प्रश्न : मला पाचवा महिना सुरू आहे. खोकला खूप आहे. गोळ्या नकोत म्हणून सासूबाईंनी अडुळशाचा काढा सुचवला आहे. झाडपाल्याचं आहे, तेव्हा चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. कृपया घेऊ नका. अडुळशाच्या पानातलं मुख्य द्रव्य वासिसिन. त्याचा गर्भाशयाच्या स्नायूंवर परिणाम होतो, ते आकुंचन पावतात. म्हणून गरोदरपणात अडुळसा टाळायचा, मग तो रस असो, काढा, अवलेह (साखर-मधातलं चाटण) किंवा बाजारातलं सिरप. खोकल्याच्या बऱ्याच आयुर्वेदिक सिरपमध्ये तो असतो, लेबलवर ‘वासा’, ‘वासक’ किंवा ‘अडुळसा’ असं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. सासूबाईंनाही हे सांगा. त्यांनी काळजीपोटीच सुचवलं आहे, पण या अवस्थेत हे औषध नको. कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि साध्या पाण्याची वाफ हे चालतं. खोकल्याने झोप होत नसेल तर प्रसूतितज्ज्ञांना दाखवा. बाळ अंगावर पीत असतानाही विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : आमच्या कुंपणाला जो अडुळसा आहे त्याचे दांडे जांभळट-काळे आणि पानं अरुंद आहेत. शेजारी म्हणतात हा काळा अडुळसा, जास्त औषधी. याचा रस घ्यावा का?

उत्तर : पोटात घेऊ नका. काळा अडुळसा ही वेगळी वनस्पती आहे. दोघांचं कुळ एकच, गुण एक नाहीत. वनस्पतिशास्त्रात खोकल्याचा अडुळसा म्हणजे जस्टिसिया अधातोडा (जुन्या पुस्तकांत अधातोडा वासिका), आणि काळा म्हणजे जस्टिसिया जेंडारुसा. काळ्याचा पाला परंपरेने मुरगळ, सूज, सांधेदुखी यांवर बाहेरून बांधायला वापरतात. ‘जास्त औषधी’ असं काही नाही, वापर वेगळा आहे इतकंच.

खरा अडुळसा असा ओळखा. पानं समोरासमोर जोडीने येतात, भाल्याच्या पात्यासारखी, वीतभर लांबीची, टोकाला निमुळती. कडा अखंड असते, दातेरी नसते. वरचा रंग गडद, खालचा फिका. पेरं थोडी सुजल्यासारखी फुगीर. पान चुरगळलं की एक जड, उग्र वास येतो, जिभेवर ठेवलं की स्वच्छ कडू लागतं. पण सगळ्यात पक्की खूण फुलाची. हिवाळ्यात फांदीच्या टोकाला हिरव्या पुष्पपत्रांच्या दाट कणसात पांढरी फुलं येतात. प्रत्येक फूल दोन ओठांचं असतं, जबडा उघडल्यासारखं, आणि खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा असतात. त्या जबड्यावरूनच संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात. रोप विकत घेताना शंका असेल तर फुलापर्यंत थांबा. चार महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

वाळलेला पाला घेताना आणखी एक भेसळ लक्षात ठेवा, ती महारुखाच्या पानांची. महारुखाचं पान संयुक्त असतं, त्याच्या सुट्या पर्णिका वाळल्यावर अडुळशात मिसळून जातात. पर्णिकेची कडा ओबडधोबड दातेरी असते आणि बुडाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात. मूठभर पाला पाण्यात भिजवून पानं उलगडा. दातेरी कड दिसली तर तो पाला परत करा. चुरा किंवा भुकटी घेतली तर ही तपासणी करताच येत नाही, म्हणून शक्यतो अख्खं पान घ्यावं.

प्रश्न : ताजी पानं मिळत नाहीत. वाळलेल्या पानांचा काढा कसा करावा? त्यात आणखी काय घालावं?

उत्तर : वाळलेली पानं १० ग्रॅम, हाताने जाडसर चुरून. पाणी १६ पट, म्हणजे १६० मिली. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर चौथा हिस्सा म्हणजे ४० मिली उरेपर्यंत आटवा. गाळून कोमट घ्या. ही एका वेळची मात्रा. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं भांडं काढ्यासाठी वापरू नका.

लोकांचं चुकतं ते आचेत. मोठ्या आचेवर पाणी भराभर उडून जातं आणि पानांतलं द्रव्य पाण्यात उतरायला वेळच मिळत नाही. ४० मिली उरतं खरं, पण फिकं. दहा-पंधरा मिनिटांत काढा आटला असेल तर आच जास्त होती असं समजा. पानं अर्धा तास पाण्यात भिजवून मग चढवली तर काम सोपं होतं. दुसरी चूक म्हणजे सकाळचाच चोथा संध्याकाळी पुन्हा उकळणं. त्यात विशेष काही उरलेलं नसतं.

जोडीला काय घालायचं हे खोकल्यावर ठरतं. कफ घट्ट चिकटलेला असेल तर चिमूटभर पिंपळीचं चूर्ण काढा गाळल्यावर वरून घाला. घसा सोलल्यासारखा झाला असेल, कोरडी ढास लागत असेल तर २ ग्रॅम ज्येष्ठमध काढ्यातच उकळा. मात्र रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ज्येष्ठमध सलग घेऊ नये, त्याने दाब वाढतो. यापलीकडे तुळस, लवंग, दालचिनी, मिरी, गवती चहा असं सगळं एकाच भांड्यात घालू नये असं आमचं मत आहे. अडुळसा शीत गुणाचा, पित्त आणि कफ दोन्ही कमी करणारा. त्यात मूठभर उष्ण मसाले ओतले की त्याचा स्वभावच पुसला जातो, आणि पित्ताच्या माणसाची छाती जळजळायला लागते ती वेगळीच.

पानं स्वतः वाळवायची असतील तर सावलीत, एकावर एक न ठेवता, हवेशीर जागी. हाताने मोडल्यावर ‘कट’ असा आवाज आला की वाळली. रंग हिरवटच राहिला पाहिजे. काळी पडली तर ओलाव्यात कुबट झाली, उन्हात ठेवली तर पिवळी-करडी होतात. बरणीवर महिना लिहून ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा.

प्रश्न : घरच्या घरी वासावलेह करायचा आहे. दोनदा केला, एकदा बुरशी आली, एकदा साखरेचे खडे झाले. प्रमाण आणि कृती सविस्तर द्या.

उत्तर : प्रमाण असं : अडुळशाचा स्वरस ८ भाग, खडीसाखर ४ भाग, मध ४ भाग, गाईचं तूप १ भाग, पिंपळीचं चूर्ण १ भाग. आधी रस काढा, मोजा, आणि मग बाकीचे जिन्नस त्या हिशेबाने घ्या. रस ४०० मिली निघाला तर खडीसाखर २०० ग्रॅम, मध २०० ग्रॅम, तूप ५० ग्रॅम, पिंपळी ५० ग्रॅम. उलटं करू नका, म्हणजे साखर आधी मोजून रस कमी पडला म्हणून पाणी घालू नका.

पिंपळी मंद आचेवर किंचित गरम करून कुटा आणि कापडातून गाळून घ्या. जाडसर राहिली तर घशाला खरखर लागते आणि जिथे कण जास्त तिथे घास तिखटजाळ होतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात रस आणि कुटलेली खडीसाखर घाला. साखर विरघळली की एकदा मलमलीतून गाळा, कारण खडीसाखरेत दोऱ्याचे धागे असतात. मग मंद आचेवर ढवळत आटवा. सुरुवातीला हिरवट फेस येतो, तो काढून टाका. हळूहळू रंग गडद तपकिरी होतो आणि बुडबुडे लहानाचे मोठे, जड व्हायला लागतात. इथून पुढे कलथा सोडू नका.

पाक झाला कधी म्हणायचं? कलथ्यावरचा थेंब थोडा निववून दोन बोटांत धरा, बोटं लांब केली की तार निघाली पाहिजे. वाटीभर गार पाण्यात थेंब टाका, तो न पसरता तळाशी बसला पाहिजे. दोन्ही खुणा पटल्या की आच अगदी कमी करून तूप घाला आणि ते मिसळून दिसेनासं होईपर्यंत घोटा. मग भांडं खाली उतरवा. पिंपळी चाळणीतून भुरभुरत घाला, एका हाताने ढवळत, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पूर्ण गार झाल्यावर, भांड्याच्या बुडाला हात लावून खात्री करून, मध मिसळा.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ पाकात आहे. बुरशी आली तेव्हा पाक कच्चा होता, थेंब पाण्यात पसरत असणार. किंवा बरणी ओली होती, किंवा गरम अवलेहावर झाकण लावल्याने वाफेचे थेंब आत पडले. खडे झाले तेव्हा पाक पुढे गेला होता आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली साखर खरवडून आत घेतली होती. ती कडेची साखर सगळा पाक फिरवते. कडा ओल्या फडक्याने पुसत राहा, खरवडू नका. तूप वर तरंगलं तर समजा घोटणं कमी पडलं. जळका कडवटपणा आला तर तो कशानेही जात नाही, तो घाणा टाकून द्यावा लागतो.

मात्रा ५ ते १० ग्रॅम, दिवसातून दोनदा, चाटून घ्यायचं, वर दोन घोट कोमट पाणी. काचेची कोरडी बरणी, कोरडा चमचा. एकदम किलोभर करून ठेवण्यापेक्षा दोन महिने पुरेल इतकंच करावं.

प्रश्न : मला मधुमेह आहे. बाजारात साखर नसलेलं अडुळशाचं सिरप मिळतं, ते घेऊ का?

उत्तर : वरचा अवलेह तुमच्यासाठी नाही, त्यात रस आटल्यावर साखर आणि मध मिळून निम्म्याहून जास्त भरतात. मधाला ‘नैसर्गिक’ म्हणून सूट देऊ नका, रक्तातली साखर तोही वाढवतो. तुम्हाला काढा बरा, काहीही गोड न घालता. सिरप घ्यायचंच तर ‘शुगरफ्री’ या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. दर ५ किंवा १० मिलीत वासा किती मिलिग्रॅम आहे ते बघा, आणि गुळाचा किंवा मधाचा वेगळ्या नावाने समावेश नाही ना हे बघा. औषध सुरू असेपर्यंत घरच्या यंत्रावर साखर मोजत राहा.

प्रश्न : खोकल्याच्या ॲलोपॅथिक औषधात अडुळसाच असतो असं ऐकलं. खरं का? मग दोन्ही एकत्र घेतले तर लवकर गुण येईल का?

उत्तर : अर्धं खरं आहे. ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध वासिसिनच्या रचनेवरून प्रयोगशाळेत तयार केलं गेलं आणि १९६०च्या दशकात वापरात आलं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे तयार होतं ते अँब्रोक्सॉल, तेही आज स्वतंत्र औषध म्हणून मिळतं. पण त्या बाटलीत अडुळशाचा पाला नसतो, ते रसायन कारखान्यात बनतं. दोन्ही एकत्र घेऊन गुण दुप्पट होत नाही. कफ एकदम सुटून खोकण्याचा त्रास वाढणं आणि पोट बिघडणं मात्र होऊ शकतं. एकच घ्या, आणि डॉक्टरांना काय घेत आहात ते सांगा.

प्रश्न : ‘अडुळसा हाताशी असताना आणि जगण्याची इच्छा असताना रक्तपित्त (अंगातून रक्त पडण्याचा विकार), क्षय आणि खोकल्याच्या रोग्याने खचून का जावं?’ अशा अर्थाचा श्लोक वाचला. वडिलांना महिनाभर खोकला आहे, दोनदा थुंकीत रक्ताची रेघ दिसली. अडुळसा सुरू केला आहे. अजून किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : एकही दिवस नाही. हे उत्तर छापून तुमच्या हाती पडेल तोवर वडील डॉक्टरांकडे जाऊन आलेले असावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

श्लोक खरा आहे, आणि अडुळशाचा रक्त थांबवण्याचा गुण परंपरेने मानलेला आहे. पण तो लिहिला गेला तेव्हा क्षयाचा जंतू कोणाला माहीत नव्हता. तो १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिला. आज दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायची, हा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. साध्या क्षयावर सहा महिने नियमित औषध घेतलं की तो बरा होतो. अडुळशाने त्या जंतूवर मात होत नाही. उलट खोकला थोडा दबून निदान लांबतं, आणि घरातल्या बाकीच्यांना लागण होते. थुंकीतल्या रक्ताची क्षयाशिवाय इतरही कारणं असतात, काही त्याहून गंभीर. सकाळी उठल्यावरची थुंकी तपासणीला द्यावी, छातीचा एक्स-रे काढावा. निदान झाल्यावर वैद्य आणि डॉक्टर दोघांच्या संमतीने अडुळसा जोडीला घ्यायचा तर घ्या, त्या औषधांच्या जागी नव्हे.

प्रश्न : तीन आठवडे कोरडी ढास आहे. कफ अजिबात नाही. अडुळशाने काही फरक नाही. मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, इतर काही आजार नाही.

उत्तर : अडुळशाचं मुख्य काम कफावर. चिकटलेला सुटा करायचा आणि बाहेर काढायचा. जिथे कफच नाही तिथे तो काय करणार? तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, ज्यांच्या औषधी नावाच्या शेवटी ‘-प्रिल’ येतं (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), कोरडा खोकला लागतो. पाकिटावरचं नाव बघा. तसं असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या गटातली देतात. खोकला त्यानंतर दोन-चार आठवड्यांत जातो. गोळी त्यातली नसेल तर आम्लपित्त, दमा अशी कारणं शोधावी लागतील. आणि तीन आठवडे झालेच आहेत, तर छातीचा एक्स-रेही करून घ्या.

प्रश्न : अडुळशाच्या वाळलेल्या पानांची विडी दम्यावर ओढतात असं जुन्या पुस्तकात आहे. करून बघावं का?

उत्तर : नको. धूर कुठल्याही पानाचा असो, दम्याच्या नळ्या त्याने आणखी आवळतात.

प्रश्न : फांदी लावून अडुळसा जगतो का? कुंडीत होईल का? पानं कधीपासून काढावीत?

उत्तर : फार सहज जगतो. पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, तपकिरी व्हायला लागलेली फांदी घ्या. अगदी हिरवी फांदी कुजते. १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना वरखाली होत नाही. पानं काढून टाका, टोकाची दोन ठेवली तर निम्मी कापा. दोन पेरं मातीत गाडा, भोवतीची माती बोटांनी दाबा आणि कुंडी सावलीत ठेवा. नवी पालवी दिसली म्हणून लगेच उपटून मूळ बघू नका. पालवी फांदीतल्या साठ्यावर आधी फुटते, मुळं मागून येतात. महिनाभर तरी हलवू नका.

कुंडी घ्यायची तर १२ इंची किंवा मोठी, तळाला भोकं मोकळी. याला पाणी कमी पडलेलं चालतं, साचलेलं चालत नाही. पानं तळापासून पिवळी पडून गळायला लागली तर आधी कुंडीतलं पाणी निघतंय का ते बघा. कुंपणाला लावत असाल तर दोन-दोन फुटांवर. शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तमिळमधलं ‘आडातोडा’ हे नाव त्यावरूनच आलं, आडु म्हणजे शेळी, तोडा म्हणजे न शिवणारी, आणि शास्त्रीय नावातलं ‘अधातोडा’ही तेच.

पहिलं वर्ष पानं काढू नका. दुसऱ्या वर्षापासून काढा, पण एका फांदीवरची निम्म्याहून जास्त नकोत, आणि ओरबाडून न काढता देठाशी कात्रीने कापा. फुलं संपली की झाड गुडघाभर उंचीवर छाटा, नाहीतर खालचा भाग उघडा पडून पानं फक्त शेंड्याला राहतात. छाटलेला पाला फेकू नका. भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून तो पूर्वापार वापरतात, तुम्ही कंपोस्टमध्ये टाका.